बेडका लाल झालाय

आमच्या घोडेगावाकडं बेडका म्हणजे खोकल्यातून पडतो तो, चिकट कफाचा गोळा. डॉक्टरसुद्धा तसंच विचारतात, बेडका पडतो का, पांढरा का पिवळा. आणि बेडूक तो बेडूक. या दोहोंत गोंधळ व्हायचं तसं काही कारण नाही, आजवर कुणाचा झालाही नसेल. आमच्या घरात झाला. त्या गोंधळापायी माझे सासरे ऐन थंडीत गोठ्यात जाऊन राहिले, सुनेनं आपल्याला वेगळं काढलं असं समजून, आणि छातीतलं दुखणं कुणाला न दाखवता. आता ही गोष्ट आमच्या नात्यागोत्यात हसत सांगायची पद्धत पडली आहे. मीही हसतच सांगते. फजिती सांगणारीचीच असली की ऐकणाऱ्याला बरं वाटतं.

बेडूक आमच्या मुलीनं आणले. ती पुण्याला नोकरी करते, एकटीला करमत नाही म्हणून तिनं ते पाळले होते. खोलीच्या मालकिणीला कळलं तेव्हा तिनं सांगितलं, एक तर बेडूक राहतील नाही तर तू. मग एका सुट्टीला ही एसटीतून उतरली ती छातीशी बरणी धरून. बरणीच्या झाकणाला भोकं आणि आत अंगठ्याच्या पेराएवढे दोन बेडूक, चिखलाच्या रंगाचे, अंगावर काळे ठिपके. आफ्रिकेतली बुटकी जात आहे म्हणाली, जन्मभर पाण्यातच राहते, बाहेर काढली तर वाळून मरते.

"आफ्रिकेची हायेत म्हंतीस," सासूबाई म्हणाल्या, "आन् आली एसटीनं?"

आमच्याकडं सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामा म्हणतात. मामा म्हणजे घोडेगावच्या जनावरांच्या बाजारातले जुने दलाल. म्हशी हा त्यांचा विषय. दम लागायला लागल्यापासून बाजार सुटला होता, पण घरात आलेली कुठलीही वस्तू, मग ती मिक्सर असो की जावई, मामा आधी बाजारातल्यासारखी पारखून घ्यायचे. त्यांनी बरणी उजेडात धरली.

"दात?"

"दात नसतात त्यांना, आबा," मुलगी म्हणाली.

"जीब तरी?"

"जीभपण नसते."

मामांनी बरणीवरून माझ्याकडं बघितलं. "बिनजिभेची हाय? मग ही सून म्हनून चालंल."

इतकी वर्षं नांदल्यावर अशा बोलण्याचा राग येत नाही. मी म्हणाले, "मग घरात बोलायचं कुणी, मामा? तुम्ही एकट्यानंच?"

"मी कुटं बोलतो? मी बोटानं बोलतो."

तेही खरंच होतं. बाजारात म्हशीचा भाव कुणी तोंडानं बोलत नाही. दलाल खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या हातावर टाकतो आणि आत बोटं दाबून काय ते ठरतं. भोवती कितीही माणसं असोत, आत काय चाललंय ते दोघांनाच ठाऊक. मामांनी सगळी हयात टॉवेलाखाली काढली होती. घरातही त्यांच्या मनातलं काही वर यायचं नाही. खोकणारी म्हैस कशी उभी करायची, कुठल्या बाजूनं दाखवायची, हे ज्याला कळतं त्याला स्वतःचं खोकणं लपवायला काय अवघड. पण हे मला नंतर सुचलं. मला बहुतेक गोष्टी नंतरच सुचतात.

बेडकांचं सगळं माझ्याकडं आलं. मुलगी दोन दिवसांत सगळं शिकवून गेली. नळाच्या पाण्यात औषध असतं, त्यानं ते मरतात, म्हणून पाणी आदल्या दिवशी बादलीत काढून उघडं ठेवायचं आणि वर बाटलीतले थेंब टाकायचे. बेडकांसाठी आणलेली काचेची टाकी काठोकाठ भरायची नाही, कारण त्यांना माशासारखं पाण्यात श्वास घेता येत नाही. मधूनमधून वर येऊन हवा घ्यावी लागते. वर जाळी बांधायची, नाही तर उडी मारून बाहेर पडतात. आणि खायला लाल अळ्या, गोठवलेल्या, फ्रीजच्या वरच्या कप्प्यात. आत्याबाई माळकरी. त्या दिवसापासून त्या फ्रीजच्या दांडीला पदर मधे धरून हात लावायच्या.

पण खरं सांगते, मला ते बेडूक आवडायला लागले. त्यांना नीट दिसत नाही, वासावर खातात. ड्रॉपरनं अळी नाकासमोर सोडली की आधी भलतीकडंच झडप घालायचे, मग सापडली की दोन्ही हातांनी तोंडात कोंबायचे, शेवटच्या पंगतीला बसलेल्या माणसासारखे. पोट भरलं की हातपाय पसरून पाण्याच्या मधोमध तरंगत राहायचे, हलायचं नाही, डुलायचं नाही. आत्याबाई रोज सकाळी टाकीपुढून जाताना बातमी द्यायच्या, "गेले गं तुजे बेडूक." तोवर त्यातला एक सावकाश वर यायचा, नाकाचं टोक पाण्याबाहेर काढून एक श्वास घ्यायचा आणि खाली जायचा.

मामा दुपारी खुर्ची ओढून टाकीसमोर बसायचे. थोराड, गोल होती ती मादी आणि बारका, लांबट तो नर, हे त्यांनीच सांगितलं. मुलीनं पुण्यात दोघांना इंग्रजी नावं ठेवली होती, ती आमच्याकडं टिकली नाहीत. मामा म्हणाले, "ही बेडकी आन् त्यो बेडका." झालं, तीच नावं. बेडका संध्याकाळी पाण्यात बारीक गुणगुणायचा, मोबाईल थरथरल्यासारखा, आणि मामा खिसा चाचपायचे. मग स्वतःवरच हसायचे आणि हसता हसता खोकायचे. त्यांचा खोकला आमच्या घरातला जुना आवाज होता. घड्याळ टिकटिकतं, मामा खोकतात. बिड्या कमी करा एवढं म्हणून आमचे हे पेंडीच्या दुकानाला निघून जायचे.

एकदा मामांनी टाकीत शेव टाकली. पोरांना बदल म्हणून. दुपारपर्यंत पाणी दुधासारखं झालं. मी सगळी टाकी उपसली आणि उपसताना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. बिनजिभेची नव्हे, दोन जिभांची सून असावी असं बोलले. तेव्हापासून मामांचं एक सुरू झालं. काहीही झालं की आत्याबाईंना आधी बजावायचे, "सूनबाईला सांगू नगंस."

आता तो दिवस. थंडी पडली होती. मी भाकरी थापत होते आणि आत्याबाई परसातल्या मोरीकडून आल्या, दाराशी थांबल्या. चेहरा उतरलेला. हळू आवाजात म्हणाल्या, "बेडका लाल झालाय गं."

"लाल?"

"पार लाल न्हाई. मधी धागा असतो तसा. कालबी दिसला हुता. कुनाला सांगू नगंस म्हनलेत मला, पर ऱ्हावंना."

माझ्या डोक्यात लगेच जुळलं. मामांनी परत काही तरी खाऊ घातलंय, बेडका आजारी पडलाय, आणि मला सांगू नको म्हणालेत. मी पिठाच्या हातानं टाकीकडं गेले. बेडका कोपऱ्यात बसला होता. मोबाईलची बॅटरी मारून बघितलं तर खरंच, मांड्यांच्या आतल्या बाजूला लालसर. धाग्यासारखंच. ज्याला जे बघायचं असतं ते बॅटरीच्या उजेडात दिसतंच.

मी मुलीला फोन लावला, हाताला पीठ म्हणून स्पीकरवर टाकला आणि बेडका लाल झालाय एवढंच सांगितलं. आत्याबाई शेजारीच उभ्या. मुलगी घाबरून भराभरा बोलायला लागली. "आई, लाल म्हणजे वाईट असतं. लगेच वेगळं ठेव त्याला. भांडं वेगळं, पाणी वेगळं. त्याचं काही दुसऱ्यात मिसळू देऊ नको. हात लावलास तर साबणानं धू. हे पसरतं, आई!"

फोन ठेवून मी आत्याबाईंना म्हणाले, "ऐकलंत ना? आजपासून वेगळं."

"अगं पर," त्या म्हणाल्या, "ह्या थंडीत? ह्या वयात?"

"आता कसलं वय न् काय! नाही केलं तर घरातली दुसरीपण जाईल."

दुसरी म्हणजे मला बेडकी म्हणायची होती. आत्याबाईंनी डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, बाई किती मायाळू, एवढ्याशा बेडकासाठी रडतात. मला भरून आलं. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, पिठाचा.

त्याच संध्याकाळी मामांनी बाज उचलून मागच्या गोठ्यात टाकली. गोठ्यात तेव्हा आमची एक गाय होती, बाकी जागा मोकळी. मी विचारलं, "मामा, हे काय आता?"

"हवा चांगली लागती."

"गोठ्यात?"

"मला जनावरांची सवय हाय, सूनबाई. मानसाची न्हाई."

बोलले ते हसून बोलले. मला वाटलं, बेडक्याला खाऊ घातल्याचं कळलं म्हणून तोंड चुकवतात. आमचे हे म्हणाले, "राहू दे, त्यांना कुणी अडवलंय आजवर?" आत्याबाईंनी एक ताट, एक तांब्या आणि एक पेला वेगळा काढला आणि त्या दोन्ही वेळा जेवण मागं न्यायला लागल्या. मी म्हटलं, मी देते, तर म्हणाल्या, "नगं. तू येऊ नगंस तिकडं. तुज्यामागं संसार हाय." असं बोलणं आत्याबाईंच्या तोंडी नेहमीचंच. मी कढई घासायला लागले.

आणि त्या दिवसांत मी काय करत होते? बेडक्याची सेवा. त्याला काचेच्या बरणीत ठेवला होता, स्वयंपाकघरात, फ्रीजच्या बाजूला ऊब लागावी म्हणून. रात्रीचा गारठा सोसायचा नाही म्हणून बरणीपाशी पिवळा बल्ब लावला होता. रोज ताजं पाणी, मिठाची चिमूट, बोटानं चव बघून. बरणीवर फडकं. आत्याबाई अळ्यांच्या शिसारीनं त्या कोपऱ्याकडं बघायच्याही नाहीत. गोठ्याला एका बाजूनं भिंत नाही, तिथं ऊस वाहणाऱ्या गाड्यांच्या रस्त्यावरून वारा सरळ आत येतो. मामांचा खोकला तिथून ऐकू यायचा. मी त्यांना जास्तीची गोधडी पाठवली. गोधडी पाठवली हे मी पुढं किती तरी लोकांना सांगितलं आहे.

दुपारी टाकीसमोरची खुर्ची रिकामी असायची. मी एकदा परसातून ओरडून विचारलंही, "मामा, बेडकी वाट बघतीय तुमची." गोठ्यातून उत्तर आलं, "तिला म्हनावं सुखी ऱ्हा."

बेडका काही सुधारेना आणि बिघडेनाही. बिघडणार कसा, तो बरा होता. मुलीनं एकदा फोनवर व्हिडिओ लावून त्याला बघितला आणि म्हणाली, "आई, जरा अजून जवळ धर. अगं, हा लाल कुठाय? हा असाच असतो. अळ्या खाल्ल्या की पोटाशी तसं दिसतं." मी म्हटलं, बरं झालं बाई, उद्या टाकीत सोडते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर बरणीवरचं फडकं सरकलेलं, बरणी रिकामी. ओट्याखाली बघितलं, पोत्यांमागं बघितलं. फ्रीजखाली केरसुणीनं ओढलं तर धुळीबरोबर तो बाहेर आला. वाळलेल्या आमसुलासारखा झाला होता.

चांगला धडधाकट जीव मी वेगळा ठेवून मारला होता. मला खरंच रडू आलं. वय काय, रडतेय कशासाठी, याची लाज वाटून मी परसात गेले. आत्याबाई चुलीवर पाणी तापवत होत्या. मी म्हणाले, "आत्याबाई, बेडका गेला हो. वाळून गेला."

आत्याबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी दोन्ही हात जोडले, आभाळाकडं बघितलं. "वाळला? गेला? देवा, पावलास रं बाबा!"

मी रडतेय आणि या हात जोडतायत. मग त्यांचेच हात सावकाश खाली आले.

"पर कसं म्हंतीस? आत्ता सकाळी तर पडला. मोरीत. आता नुसता धागा बी न्हाई गं, रगातच."

"मोरीत?" मी म्हणाले. "बेडका मोरीत कशाला जाईल?"

"मग खोकून कुटं टाकतील?"

चुलीवरचं पाणी उकळून सांडायला लागलं. मी कधी कुठल्या शब्दाला एवढी घाबरले नाही. मग एक एक वाक्य माझं मलाच ऐकू यायला लागलं. भांडं वेगळं. पाणी वेगळं. आता कसलं वय न् काय. घरातली दुसरीपण जाईल.

मी गोठ्यात धावले. मामा बाजेवर बसून चहा पीत होते. शेजारी त्यांचं ताट, राखेनं घासून लख्ख केलेलं. ते स्वतः घासत होते. भिंतीला टेकवून उन्हात ठेवलं होतं, लागणीचं भांडं ठेवतात तसं. एवढ्या दिवसांत ते किती वाळले होते हे मला त्या ताटाच्या बाजूला बसलेले बघून कळलं.

मी सगळं सांगितलं. बेडूक, मांड्या, पुण्याचा फोन, बरणी, बल्ब. अधूनमधून रडत आणि भलतंच आधी, भलतंच नंतर. मामांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि हसायला लागले. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता त्यांनी टॉवेल तोंडाला लावला आणि टॉवेलाची घडी करून ती बाजू आत घेतली.

"सूनबाई," दम खात म्हणाले, "उभा जन्म बाजारात गेला. लई कथा ऐकल्या मी. ही मातूर नवी हाय."

"कथा नाही हो मामा! विचारा तुमच्या नातीला."

"लेक आईचंच खरं करनार."

"मामा, देवाशपथ..."

"अगं, तू रडतीस कशापायी? तुजं काय चुकलं? खोकनारं जनावर दावनीला ठेवत न्हाईत, त्येला येगळं बांदत्यात. मी असतो तर मीबी हेच केलं असतं. वर ह्यी असली कथा जुळवायला मला जमली नसती बग."

त्यांनी मला माफ केलं होतं. जे मी केलंच नव्हतं त्याबद्दल माफ केलं होतं, अगदी मनापासून. मग मला दुसरं काही सुचेना, मी त्यांच्या हातातला पेला काढून घेतला आणि त्यांचा उरलेला चहा पिऊन टाकला. गार झाला होता. मामांनी माझ्याकडं बघितलं, म्हशीकडं बघायचे तसं, डोळे बारीक करून.

"आता हे कशाला?" म्हणाले.

बाज त्याच दिवशी घरात आली. ह्यांनी दुकान बंद केलं आणि आम्ही मामांना नगरला दवाखान्यात नेलं. सगळ्यांच्या मनात एकच होतं, क्षय. कुणी तोंडानं म्हणत नव्हतं. तपासणीसाठी छोटी डबी दिली, सकाळचा बेडका यात आणा म्हणाले. मामांनी डबी माझ्यासमोर धरली. "बेडका मागत्यात. तुज्याकडं हाय का एकांदा?"

परिचारिका आमच्याकडं बघत राहिली. मामा हसत होते, मी हसत होते, आणि आमचे हे भिंतीकडं तोंड करून उभे होते.

थुंकीत क्षय निघाला नाही. आत्याबाईंनी पेढे आणवले, गल्लीत वाटले, गाईलासुद्धा एक दिला. डॉक्टरांनी मात्र पेढा टेबलावरच ठेवला आणि छातीचं आतलं चित्र काढून आणायला सांगितलं. त्या चित्रात गाठ होती. नुसती गाठ नव्हती, पसरलेली होती. ह्यांनी विचारलं, आधी आणलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, गाठ फार जुनी आहे, या थोड्या दिवसांनी काही मोठा फरक नसता पडला. ह्यांचा जीव तेवढाच खाली पडला. माझा नाही पडला. गाठीचं डॉक्टर सांगू शकत होते. गोठ्यातल्या त्या ताटाचं कोण सांगणार?

शिवाय हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नसतो असं कळलं, आणि माझ्या त्या घोटभर गार चहाची किंमतच गेली. चहा प्यायले तेव्हा मला कुठं ठाऊक होतं, असं मी कुणाला सांगू? परत एक कथा झाली असती.

मामांची बाज आम्ही पुढच्या खोलीत टाकीजवळ लावली. पुढं पुढं त्यांना हवा पुरेना, तेव्हा भाड्यानं मशीन आणलं, नाकात नळी आली. मशीनचा आवाज सतत. लाईट गेली की घरात सगळ्यांचे चेहरे बदलायचे, म्हणून ह्यांनी दुकानातली इन्व्हर्टरची बॅटरी आणून ठेवली होती. मामा कुशीवर वळून बेडकीकडं बघत राहायचे. ती एकटी आता फारशी हलायची नाही. मी अळी सोडली की कोपऱ्यातून यायची. मामा म्हणायचे, "तिला आदी दे. मला काय, मला नळीनं मिळतंय."

भेटायला बाजारातली माणसं यायची. आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला येतात आणि तिसऱ्यालाच हसून जातात. मामा प्रत्येकाला ती गोष्ट सांगायचे. "आमच्या सूनबाईनं मला बेडूक समजून गोठ्यात ठिवलं, आन् बेडकाला बल्ब लावून घरात." माणसं पोट धरून हसायची आणि माझ्याकडं बघायची. मी चहाचा ट्रे घेऊन उभी. प्रत्येक वेळी मी मामांच्या आवाजाकडं कान देऊन ऐकायचे. त्यांना आता ते खरं वाटतंय म्हणून सांगतायत, का सुनेची अब्रू झाकली जावी म्हणून माझीच कथा पुढं करतायत? आवाजावरून काही कळायचं नाही. दलालाचा आवाज तो. एकदा धीर करून विचारलं, "मामा, पटलं ना तुम्हाला? खरं सांगा." तर म्हणाले, "गिऱ्हाईकाला पटलं ना? मग झालं की."

शेवटी शेवटी बोलणं बंद झालं. दम पुरायचा नाही. एका दुपारी मी टाकीतलं थोडं पाणी काढून नवं घालत होते. बाजेवरून त्यांनी हातानं खुणावलं. मी हात पुसून गेले. त्यांनी खांद्याशी पडलेला टॉवेल कसाबसा ओढला आणि माझ्या हातावर टाकला. मग त्याखाली त्यांचा हात आला. बाजारात बाया दलाली करत नाहीत, माझ्या हातावर कुणी कधी टॉवेल टाकला नव्हता. त्यांनी माझी दोन बोटं धरली, सोडली. मग अंगठ्याशी काही तरी केलं. मग सगळा पंजा धरून दाबला, एवढं बळ त्यांच्यात कुठून आलं कुणास ठाऊक. आणि माझ्याकडं बघत राहिले, आता तू बोल असं.

मला ती भाषा येत नव्हती. मी आपली परत दाबली बोटं, सुचतील तशी. कदाचित मी त्यांना भलताच भाव सांगितला असेल. त्यांनी डोळे मिटले. टाकीत बेडकी वर आली, श्वास घेऊन खाली गेली. मामा त्यानंतर दोन दिवसांनी गेले.

सगळं उरकल्यावर, पाहुणे पांगल्यावर, त्यांच्याबरोबर बाजार केलेले एक म्हातारे दलाल परत एकदा येऊन गेले. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले. ते उठायला लागले तेव्हा मी आत्याबाईंसमोरच विचारलं. त्यांच्या हातावर टॉवेल टाकायला मला संकोच वाटला, म्हणून माझ्याच एका हातानं दुसऱ्या हाताची बोटं धरून दाखवलं. आधी दोन बोटं, मग अंगठ्याशी असं, मग सगळा पंजा.

"म्हणजे काय होतं हो, बाबा?"

त्यांनी मला ते पुन्हा करायला लावलं. मान तिरकी करून नीट बघितलं.

"तसं नुसतं सांगता येत न्हाई, बाई," ते म्हणाले. "बोट त्येच असतं. शेळीला त्येचा अर्त येगळा, बैलाला येगळा, म्हशीला येगळा. कशाचं चाललंय त्ये दोगांना आदीच ठाव पायजे. जनावर समोर हुभं असतं ना, म्हनून चूक हुत न्हाई." मग विचार करून म्हणाले, "तवा समोर काय हुतं?"

मी टाकीकडं बोट दाखवलं. "बेडकी."

म्हाताऱ्यांनी टाकीकडं बघितलं. बेडकी हातपाय पसरून मधोमध तरंगत होती, मेल्यासारखी. त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली.

"मंग अवगड हाय," म्हणाले.